दीपस्तंभावरची खोली

जो दुसऱ्याच्या मनात प्रतीक्षा उत्पन्न करतो, तो त्या प्रतीक्षेला उत्तरदायी होतो. आणि जो प्रतीक्षा करतो, त्याच्या क्रोधातही ममत्वाचा एक धागा असतो. पुढील हकीकत सांगताना या दोघांपैकी कोणालाही दोष देण्याचा माझा हेतू नाही.

माझ्या भाचीने दोन सहकाऱ्यांसह चार वर्षे खपून एक व्हिडिओ गेम तयार केला. एका निर्जन बेटावर हिंडत खेळाडूने अखेरीस दीपस्तंभापाशी पोहोचायचे, एवढेच त्याचे कथानक. आधी दाखवलेल्या ट्रेलरच्या शेवटी त्या दीपस्तंभाचे दार उघडे होते. आत दगडी गोल जिना होता आणि वरून उजेड झिरपत होता. त्या उजेडाने लोकांना वेड लावले. वरच्या खोलीत काय असेल, याची चर्चा हजारो माणसे सहा महिने करीत राहिली. वस्तुतः वर खोली नव्हतीच. ती करायला वेळ उरला नाही, आणि गेम आला तेव्हा दार बंद होते.

मग टीकेचा जो भडिमार झाला, त्याने पोरीचे अन्नपाणी सुटले. "मामा, मला ते वाचवत नाही," ती म्हणाली. "महिनाअखेर सगळं बंद करते."

मी आयुष्यभर जुन्या हस्तलिखितांचे पाठभेद जुळवले. एकाच ग्रंथाच्या अनेक नकला शेजारी ठेवून त्या कुठे एकमत होतात ते पाहायचे आणि हरवलेल्या मूळ प्रतीपर्यंत मागे जायचे, ही त्यातली रीत. तक्रारीही तशाच वाचू, म्हणजे लोकांना नेमके काय हवे होते ते उमगेल, असे मी सुचवले. तिने दोन हजार तक्रारी छापून माझ्या खोलीत आणून ठेवल्या. गुडघ्यांमुळे मी तळमजल्यावर राहतो. समोर खिडकी, तिच्याखाली टेबल, पाठीमागे कोरी भिंत.

मी प्रत्येक तक्रारीचे कार्ड करू लागलो. भाचीचा चित्रकार सहकारी ते पाहून म्हणाला, "लोक शिव्या घालताहेत आणि मामा त्यांना नंबर घालताहेत." ती कितीतरी दिवसांनी हसली.

पहिल्या आठवड्यात अपेक्षित तेच आढळले. चार वर्षे झोपला होतात का, असे कोणी विचारले होते. दार बंदच ठेवायचे होते तर उजेड कशाला लावलात, असे एकाने लिहिले होते. तो मला आवडला. दुसऱ्या आठवड्यात मात्र एकेचाळीस कार्डे जुळली. निरनिराळ्या देशांतल्या, परस्परांना अनोळखी माणसांनी एकच विचारले होते: वरच्या खोलीतला, कान तुटलेला निळा कप कुठे गेला?

ट्रेलरमध्ये कप नव्हता. मी चित्रकाराला दोनदा विचारले. त्याने कप कधी काढलाच नव्हता.

आमच्या शास्त्रात, दूरदूरच्या नकलांत एकच विचित्र गोष्ट आढळली, तर त्या सर्वांनी एकच मूळ पाहिले असे मानतात. मी पुढे वाचत गेलो. खिडकीखाली टेबल: बावन्न कार्डे. टेबलाच्या एका पायाखाली घडी घातलेले तपकिरी फडके: तेवीस. खुर्चीत पाठमोरा म्हातारा: शंभराहून अधिक. त्यांतले एक मला पाठ झाले आहे. "ते आजोबा वळून बघत नाहीत, पण उजवा हात वर करतात. तेवढ्यासाठी मी थांबलो होतो."

गुरुवारी सकाळी माझा निळा कप नळावर आपटला आणि त्याचा कान तुटला.

शनिवारी टेबल डुगडुगू लागले. भाचीने आपण होऊन एक फडके घडी करून त्याच्या पायाखाली सारले. फडके तपकिरी होते. त्या तक्रारींवरची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती.

 कार्डांवरून जुळलेल्या खोलीचे वर्णन तेवढे मी तिला लिहून दिले. म्हातारा वगळला आणि खुर्ची रिकामी ठेव म्हणून सांगितले.

तिने वाचून वर पाहिले. "मामा, ही तर तुमचीच खोली."

"मला दुसरी कोणती ठाऊक आहे?"

बारा दिवसांत तिने खोली उभी केली, दार उघडले आणि अपडेट लोकांच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती फोन घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. डोळे भरलेले होते. लोक आभार मानत होते. आजोबांनी हात वर केला, आता राग नाही, असे एकामागून एक लिहीत होते.

"मी खुर्ची रिकामीच ठेवली होती, मामा."

"हो."

"मग?"

"बंद करू नकोस," मी म्हणालो. "लोक यायला लागलेत."

तिने बंद केले नाही. दुसऱ्या गेमचे काम आता सुरू आहे, आणि या खेपेस ती जेवढे आहे तेवढेच दाखवते.

मी दुपारी कार्डे लावीत बसतो. पाठीमागे, जेथे भिंत आहे तेथे, दगडी जिना चढणारी पावले वाजतात.

दमलेली असतात. शेवटच्या पायरीवर थांबतात.

मी वळत नाही. माझा उजवा हात वर होतो.

उतरणारी पावले अद्याप एकदाही ऐकलेली नाहीत.

माझ्या पाठीशी जे कोणी उभे आहेत, त्यांचे कल्याण असो. आणि जिने त्यांना दार उघडले, तिचेही.