हौद्यातली टकटक

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर तिसगावात जाऊन शबनमला विचारा. फक्त जपून विचारा, बाई फटकळ आहे.

आणि यात रात्र, अमावस्या असलं काही शोधू नका. गेल्या वर्षीचा एप्रिल, करंजी गाव, रणरणती दुपार. भुतानंसुद्धा सावली गाठावी असं ऊन.

शबनमचा अंड्यांचा धंदा. पोल्ट्रीवरून माल उचलायचा, नगरला सावेडीतल्या दुकानांत पोचवायचा. टेम्पो मात्र मोठ्या दिरांचा. त्यांची मर्जी असली तर यायचा, नसली तर अंडी उन्हात उकडायची. वर "बाईमाणसाला कशाला पाहिजे गाडी?" हेही ऐकून घ्यायचं. शेवटी ती इरेला पेटली. गाडी घेणार, स्वतःची घेणार आणि स्वतःच चालवणार.

करंजीच्या कानिफनाथची जुनी पिकअप विकायची होती. नवरा परवेझला घेऊन ती बघायला गेली.

कानिफनाथ गाडीचं कौतुक करत राहिला. शबनमने बॉनेट उघडलं. इंजिन थंड असतानाच ऑईलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून पाहिली. ऑईल ठीक. कूलंट ठीक. ब्रेक ऑईल खुणेपर्यंत. मग ती सरळ गाडीखाली शिरली आणि मागच्या हाउसिंगचा, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या डब्याचा, बोल्ट सैल केला. गिअर ऑईल काळंकुट्ट. बोटांवर चोळलं तर लोखंडाची चमकी.

"भाऊ, मागून आवाज येतो का?"

"छ्या! लोन्यावानी चालती, भाभी."

आवाज शोधायची साधी रीत आहे. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे माल ठेवायच्या हौद्यात पत्र्याला कान लावून पडायचं. तयार असलं की केबिनवर एकदा टक. आवाज आला की पुन्हा एकदा टक. थांबवायचं असेल तर टक-टक.

परवेझ हौद्यात चढला. शबनम स्टिअरिंगवर बसली.

टक.

ती निघाली.

सपाट रस्त्याला तिने वेग वाढवला. पाय दाबलेला असेपर्यंत गाडी गुपचूप. पाय उचलला…

टक.

मग तिलाही ऐकू आलं. मागून बारीक घुं-घुं. पाय दाबला, बंद. पुन्हा उचलला…

टक.

"हाउसिंगमधलं पिनियनचं बेअरिंग," ती स्वतःशीच म्हणाली. चोर सापडला होता. ती खुशीत करंजीचा घाट चढू लागली.

एका वळणावर…

टक-टक.

जोरात.

तिने कठड्याशी गाडी घेतली. "काय झालं हो?"



ती उतरून मागे गेली.

हौदा रिकामा होता.

परवेझ पडला! ती रस्त्याने मागे धावत सुटली. तेवढ्यात फोन वाजला. परवेझच होता.

"अगं, मला टाकून कुठं गेलीस? पत्रा तापला हुता म्हनून गोनपाट आनायला उतरलो, तर तू गाडी काढली बी!"

शबनम जागीच थिजली.

मग हळूच परत आली. हौद्याच्या पत्र्याला हात लावला. चटका बसला. हात पुढे सरकवला…

मधली जागा गार होती. माणूस आडवा पडावा एवढी.

मनातल्या मनात दुआ म्हणत तिने गाडी करंजीत आणली. कानिफनाथ रस्त्यावरच उभा होता. तिने तोंड उघडायच्या आधीच त्याने विचारलं,

"वळनावर थांबिवलं का?"

तिने हे अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"कोन हाय तो?"

कानिफनाथने मान खाली घातली. "ऱ्हाऊ द्या भाभी. मला न्हाई इकायची गाडी."

परवेझ तिचा हात ओढू लागला. "चल घरी. भाईजानचा टेम्पो हायेच की."

त्या टेम्पोचं नाव निघालं आणि शबनमचं डोकं फिरलं.

"कोन हाय ते मला न्हाई ठावं. पन त्यानं हाउसिंगचं खरं सांगितलं, अन् तुमी म्हनला लोन्यावानी! तुमच्यापरीस त्यो बरा. गाडी मीच घेनार!"

आणि घेतली. नवं बेअरिंग, नवं गिअर ऑईल. घुं-घुं गेली. आता टकटकीचं काही काम उरलं नव्हतं.

पहिल्याच खेपेला, त्याच वळणावर…

टक-टक.

ती थांबली. चाकं, दोर, ऑईल, सगळं पाहिलं. काहीच बिघाड नव्हता. दुसऱ्या खेपेलाही तेच. ती पुन्हा थांबली, पुन्हा काही सापडलं नाही. घरी ट्रे उतरवताना मात्र तिच्या मनात आलं आणि हातच थांबले.

गाडी धड आहे. मग थांबवतंय कशाला?

कुणाला उतरायचं असतं… की कुणाला चढायचं असतं?

पुढच्या खेपेला ती थांबली नाही.

टक-टक. डावीकडून.

आणि त्याच क्षणी… टक-टक. उजवीकडून.

पाय आपोआप ब्रेककडे जायला लागला. गाडी इथेच सोडावी, दिरांना फोन लावावा, असंही वाटून गेलं. आणि त्याच विचाराचा तिला असा संताप आला की ती मागच्या काचेकडे तोंड करून ओरडली,

"बसलायसा तर गुमान बसा! पन गाडी माझी हाय. कुठं थांबायचं ते मी ठरवीन!"

टकटक बंद.

त्या दिवसापासून एकदाही टकटक झालेली नाही. परवेझ म्हणतो, गेलं एकदाचं. शबनमला ते पटत नाही.

सावेडीत माल उतरला की हौदा रिकामा होतो. तरी घाट ओलांडून घरी आल्यावर ती पाहते, तर मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबलेले असतात. भरल्या गाडीसारखे.

दर खेपेला थोडे जास्त.

सकाळी चावी फिरवण्याआधी ती अजून हौद्यात डोकावून पाहते. पण दिरांच्या दारात ती गेली नाही आणि गाडीही विकली नाही. मागच्या आठवड्यात नगरला गेली आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून घेतला.