ग्राहकाचा शेरा

यायचा होता दुसराच कोणी. "आमचा जुना, अनुभवी माणूस पाठवतो," असं कंपनीनं फोनवर सांगितलं होतं. पण नेमकी त्या सोमवारी अनुभवी माणसाची दाढ सुजली आणि त्याच्याऐवजी आला हा... उंच, सडपातळ, हातात नाकापर्यंत पोचणारा खोका. खोक्यामुळे त्याला उंबरठा दिसला नाही, आणि उंबरठ्यालगतचं टेबलही दिसलं नाही.

खळ्ळकन आवाज झाला.

टेबलावर जुळवलेलं पान होतं. त्या काळी छापखान्यात एकेक अक्षर शिशाचं असायचं, त्याला खिळा म्हणत. असे दीड हजार खिळे एकाला एक लावून जुळारीकाकांनी सकाळपासून ते पान उभं केलं होतं. आता ते फरशीवर विखुरलं होतं. काही खिळे तर थेट छपाईयंत्राच्या पायाशी घरंगळत गेले होते.

"डोळे काय खोक्यात भरून आणलेत का?" आतून आवाज आला.

"खोक्यात कॉम्प्युटर आहे, मॅडम. तो पडला असता तर..."

"पान पडलंय त्याचं बोला!"

"गोळा करतो ना. अक्षरंच तर आहेत."

"अक्षरंच!" ती म्हणाली, आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं तेवढंच. तिला सगळे ठिणगीच म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. वडील जाऊन वर्ष झालं होतं. मागे उरला होता हा एका खोलीचा छापखाना, चाळीस वर्षं खिळे जुळवणारे काका आणि तिचा हट्ट. छापखाना बंद करून जागा फर्निचरवाल्याला द्यावी, असं तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं म्हणणं होतं. अखेर एवढंच ठरलं होतं, की शाळेची पुस्तकं काढणारे प्रकाशक शनिवारी दुपारी यायचे होते. त्यांना कॉम्प्युटरवर जुळवलेली दोन नमुन्याची पानं पसंत पडली, तर वर्षभराचं काम मिळणार आणि छापखाना राहणार. नाही पडली, तर फर्निचर.

तो गुडघ्यावर बसून खिळे वेचत होता. एक उचलून त्यानं उजेडात धरला.

"हे उलटं आहे."

"छापल्यावर सुलटं होतं. तुमच्यावर छापून दाखवू?"

त्यानं मान वर केली. डोळ्यांत हसू होतं, आणि त्या हसण्याचा तिला इतका राग आला की तिनं हातातला शाईचा फडका उगाचच पिळला.

कॉम्प्युटर मांडून झाला. अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम अकरा फ्लॉप्यांवर होता. तळहाताएवढ्या त्या काळ्या चौकोनी चकत्या ओळीनं एकेक घालायच्या. यंत्र घुर्रघुर्र करायचं, पुढची मागायचं. पाचव्या फ्लॉपीनंतर मात्र ते अडलं. संगणकाच्या पाठीत आगपेटीएवढी एक डबी खोचायची असते, तिला लॉक म्हणत. ती नसली की प्रोग्रॅम पुढे पाऊल टाकत नाही.

"मग खोचा की."

"ती... ऑफिसात राहिली."

ठिणगीनं फडका बाजूला ठेवून शांतपणे हात पुसले. तेच जास्त भयंकर होतं. त्यानं घाईघाईनं खिशातून पावतीपुस्तक काढलं. प्रत्येक भेटीनंतर पावती भरायची, गिऱ्हाइकानं शेरा लिहून सही करायची. पांढरी प्रत ऑफिसला, पिवळी गिऱ्हाइकाला, गुलाबी त्याला. तिनं लिहिलं, 'काम अपूर्ण. कर्मचारी लॉक विसरला. येताना पान सांडलं.'

"पानाचं कशाला लिहिलंत?"

"जागा उरली होती."

मंगळवारी तो लॉक घेऊन आला. अर्धवट राहिलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्या फ्लॉपीपासून सुरुवात करायची होती. पहिली आत गेली. यंत्रानं घसा खरवडला, आणि पडद्यावर आलं, 'वाचता येत नाही'. दुसरी, तिसरी, तेच.

"काल तर चालत होती!"

"काल तुम्हीसुद्धा सरळ चालत नव्हता."

"मॅडम, इथे धूळ आहे."

धूळ! ती फरशी ती रोज सकाळी स्वतः पुसत असे. छपाईयंत्राच्या चाकाखाली हात घालून पुसत असे. तिनं त्याचं बोट धरलं, फरशीवरून ओढलं आणि त्याच्याच नाकापुढे धरलं. बोट स्वच्छ होतं. आणि ते अजून आपल्या हातात आहे, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिनं ते निखारा टाकावा तसं टाकलं.

शेरा पडला, 'कर्मचारी उद्धट. स्वतःच्या वस्तूचं खापर आमच्या फरशीवर फोडतो.'

"खापर राहू दे. तेवढं 'उद्धट' खोडा ना. साहेब वाचतात."

"शाईचं पेन आहे. खोडलं जात नाही."

दुसरा संच यायला गुरुवार उजाडणार होता. मधल्या बुधवारी दादा आला तो मोजपट्टी घेऊन. त्यानं भिंतीची लांबी घेतली आणि कागदावर टिपली.

"दादा, अजून तीन दिवस आहेत."

"मी फक्त मोजतोय गं."

"मेलेल्याची उंची मोजतात, जित्याची नाही!" ती कडाडली. दादानं पट्टी गुंडाळून खिशात घातली, पण टिपलेला कागद काही फाडला नाही.

गुरुवारी सगळं सुरळीत चाललं. आठव्या फ्लॉपीपर्यंत तर ती चहा करायलासुद्धा उठली. आणि वीज गेली. पंखा थांबला, पडदा काळा झाला. चहाचं भांडं हातात घेऊन ती दारात उभी राहिली.

"हे मी नाही केलं," तो घाईनं म्हणाला.

"माहीत आहे."

"नाही, आधीच सांगितलेलं बरं."

तिला हसू फुटणार होतं. तिनं ते चहाबरोबर गिळलं.

वीज येईना. तो उठला, आणि सोमवारी सांडलेले खिळे अजून ज्या ताटात पडले होते ते ताट त्यानं पुढे ओढलं. लाकडी केसमध्ये प्रत्येक अक्षराचं आपलं घर असतं. एकेक खिळा उचलून तो त्याच्या घरात टाकू लागला. 'क' बरोबर गेला. 'म'ही गेला.

"तुम्हाला कुणी शिकवलं?"

"सोमवारपासून बघतोय ना."

"खिळ्यांकडे?"

"...खिळ्यांकडेसुद्धा."

काका कोपऱ्यात खोकले. तिनं ताट आपल्याकडे ओढून घेतलं आणि रागारागानं 'ळ' 'ल'च्या घरात टाकला. चाळीस वर्षांत त्या छापखान्यात असं कधी घडलं नव्हतं.

शेवटची बस चुकू नये म्हणून तो निघाला. फ्लॉप्या टेबलावरच ठेवून गेला. "सकाळी पुन्हा पहिलीपासून," म्हणाला. त्या दिवशीचा शेरा एवढाच होता, 'वीज गेली.' तो वाचून त्यानं पावती उलटी करून पाहिली. मागे आणखी काही लिहिलंय का, म्हणून.

शुक्रवारी सकाळी पहिली फ्लॉपी आत गेली. वाचता येत नाही. दुसरी, नाही. आठवीपर्यंत एकही नाही. नववी मात्र व्यवस्थित वाचली गेली.

आता मात्र त्याचा तोल गेला. आठ फ्लॉप्या पत्त्यांसारख्या हातात धरून तो उभा राहिला. "मंगळवारी घालून पाहिल्या त्या तिन्ही मेलेल्या. आज या आठ. काल वापरलेल्या तेवढ्याच बरोबर मरतात, न वापरलेली ठणठणीत! हा योगायोग नाही, मॅडम. हे कुणीतरी करतंय."

"कुणीतरी म्हणजे कोण? बोला ना!"

त्यानं एक फ्लॉपी नाकाशी नेली. वास घेतला. पुन्हा घेतला. मग त्याची नजर कोपऱ्याकडे वळली.

"रॉकेल," तो म्हणाला. "मी चार छापखान्यांत पाहिलंय. कॉम्प्युटर आला की जुळाऱ्याचं काम जातं. मग कुठे वायर तुटते, कुठे पाणी सांडतं..."

"जीभ आवरा!" ठिणगी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "लॉक विसरलात तुम्ही, पान सांडलंत तुम्ही, आणि आता माझ्या काकांवर घसरता? चालते व्हा! नको मला तुमचा कॉम्प्युटर!"

"पोरी," मागून काकांचा आवाज आला. "धुतल्या मी त्या."

तिनं गर्रकन मागे वळून पाहिलं.

"वापरलेला खिळा न धुता घरात ठेवायचा नाही," काका हळूहळू सांगू लागले. "शाई वाळली की अक्षर बुजतं. तुझ्या बापानंच मला पहिल्या दिवशी हे शिकवलं. दोन्ही दिवस हा या चकत्या वापरून तशाच टाकून गेला. म्हटलं, नवीन मुलगा आहे, त्याला माहीत नसेल. ते पत्र्याचं दार सरकवून आतली चकती पुसली. रॉकेल मोजकंच घेतलं, फडका मऊ घेतला. न वापरलेल्यांना हात नाही लावला." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझ्यामुळं अडलं होय गं सगळं?"

कॉम्प्युटरवाल्याचं तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं होतं. ते मिटलं. तो काकांजवळ गेला, बाकावर बसला.

"आतल्या चकतीला बोट लावलंत का, काका?"

"बोट?" काका दुखावले. "मी काय नवखा आहे?"

"नाही. नवखा मी आहे. कसं ठेवायचं ते मी सांगायला हवं होतं, आणि मघाशी बोललो ते बोलायला नको होतं. चुकलो."

त्यानं खराब फ्लॉप्या पिशवीत भरल्या. "उद्या आठ वाजता नवा संच घेऊन येतो."

"ऑफिसात काय सांगाल?" तिनं विचारलं.

"ते माझं मी बघतो."

त्या दिवशीची पावती भरायची राहून गेली.

दुपारभर तिला चैन पडेना. शेवटी चूक आपल्याकडची आहे हे सांगायला तिनं कंपनीला फोन लावला. साहेब म्हणाले, "अहो, तुम्ही कसली दिलगिरी व्यक्त करता? त्यानं लेखी दिलंय, फ्लॉप्या माझ्या हातून उन्हात राहिल्या. एक तारखेपासून त्याला गोदामात बसवतोय आम्ही."

तिचं नाक पुन्हा लाल झालं.

शनिवारी आठच्या ठोक्याला तो दारात आला. या वेळी उंबरठा नीट पाहून आत आला. पण आत ती उभी होती.

"माझी चूक उचलायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तुमची कुठे? काकांची होती."

"काका माझे आहेत! म्हणून चूकही माझी!"

"मॅडम, मी विचार करून, दोनदा कच्चं लिहून..."

"खोटं लिहिलंत. मी साहेबांना सगळं खरं सांगितलं."

त्यानं पिशवी टेबलावर ठेवली. मग आठवडाभरात पहिल्यांदाच खरोखर संतापला. "आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी इतकं चांगलं खोटं लिहिलं, आणि तुम्ही एका फोनवर त्याची वाट लावलीत! गोदाम काय वाईट होतं? पंखा असतो तिथं!"

"गोदामात गेला असता तर इथे कोण आलं असतं?" ती ओरडली... आणि तिनं जीभ चावली. बोलून गेलेलं वाक्य दोघांच्या मध्ये, फरशीवर सांडलेल्या पानासारखं पडून राहिलं. गोळा कुणी करायचं?

"भांडण झालं असेल तर चकत्या द्या इकडे," काका म्हणाले. "बारा वाजता माणूस यायचाय."

त्या दिवशी फ्लॉप्या काकांच्या ताब्यात होत्या. ते एकेक काढून देत, परत आलेली पिशवीत ठेवत आणि प्रत्येक वेळी विचारत, "धुवायची नाही ना?" तो तितक्याच गंभीरपणे सांगे, "नाही, काका." अकरावी आत गेली. यंत्र पुष्कळ वेळ घुरघुरलं. ठिणगीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. त्याच पाठीवर त्याचाही हात होता. तिनं तो बाजूला केला नाही, बहुधा विसरली असावी.

पडदा उजळला. पांढरं, कोरं पान.

टायपिंगच्या वर्गात शिकलेली बोटं तिनं पहिल्यांदाच खऱ्या कामावर चालवली. दोन पानं छापून निघाली. काकांनी चष्मा पुसून ती पाहिली आणि नाक मुरडलं. "शब्दांत भगदाडं पडलीत. इथून हत्ती जाईल." त्यानं खुर्ची ओढली, काका बोट दाखवत गेले, तो अंतरं आवळत गेला. बरोबर बाराला प्रकाशक आले. त्यांनी पानं डोळ्यांजवळ नेली, दूर धरली, आणि विचारलं, "ही अंतरं कुणी साधली?"

"आमच्या जुळाऱ्यांनी," ठिणगी म्हणाली.

"मग पुस्तकं इथंच."

दादा दारात उभा होता. त्यानं खिशातून टिपलेला कागद काढला, चार तुकडे केले आणि काकांना विचारलं, "केरसुणी कुठे आहे?"

सगळे पांगल्यावर कॉम्प्युटरवाल्यानं पावतीपुस्तक पुढे केलं. "मघाशी ऑफिसात फोन केला. साहेब म्हणाले, इतकं तिखट गिऱ्हाईक असेल तर गोदाम राहू दे, तूच सांभाळ. पण आज पूर्ण झाल्याचा शेरा हवा. आणि..." तो घुटमळला. "काम संपलं की मला यायचं कारण उरत नाही."

तिनं पेन घेतलं. रागावल्यासारखंच दाबून लिहिलं, सही केली आणि पुस्तक त्याच्या छातीवर आदळलं.

'काम पूर्ण. कर्मचारी अजूनही उद्धट. रोज पाठवावा.'

त्यानं एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. कान लाल झाले.

"पांढरी प्रत ऑफिसला जाते, मॅडम."

"मॅडम नाही. ठिणगी."

"ठिणगी... साहेब वाचतात."

"वाचू देत. शाईचं पेन आहे."

गुलाबी प्रत त्यानं शर्टाच्या खिशात ठेवली. खिशात आधीच्या तिन्ही गुलाबी प्रती होत्या, घडी घालून, क्रमानं लावलेल्या. पिवळी प्रत तिनं केसमध्ये 'ळ'च्या घरात ठेवली. तिथे आता हात क्वचितच जातो. ती अजून तिथेच आहे. त्या कागदाला रॉकेलचा वास येतो. तो लावला कुणी, यावरून त्या दोघांचं अजूनही भांडण होतं.