तिसऱ्या मजल्यावरची श्वासभिंत

दूधगंगा विद्यापीठात शनिवारची सकाळ म्हणजे भिंती पिळायची सकाळ. एरवी पहिल्या तासाला डोळे चोळत येणारी पोरं त्या दिवशी बादल्या घेऊन हजर असत, आणि प्रत्येक वर्गातल्या काचेच्या भिंतीखालची तोटी सोडून हिरवागार लगदा उतरवून घेत. मग सगळी वरात मेसच्या मागच्या टाकीकडे निघे. कुणाची बादली भरलेली आणि कुणाच्या बादलीत नुसतं पाणी, यावरून वाटभर चिडवाचिडवी चाले. वाणिज्यवाल्यांची बादली कायम पातळ, म्हणून त्यांना ‘ताकवाले’ असं नाव पडलं ते पडलंच.

या भिंतींचं असं, की त्या माणसांच्या श्वासावर जगत. दोन काचांच्या मधे बोटाएवढी जाड पारदर्शक नळी वळणं घेत भिंतभर फिरवलेली. नळीत पाणी आणि पाण्यात शेवाळ. पण डबक्यातलं साधं शेवाळ नव्हे, जैवतंत्रज्ञानाच्या पोरांनी निवडून निवडून हावरट बनवलेलं. वर्गात माणसं बसली, की त्यांनी सोडलेला कर्बवायू एक छोटा पंखा नळीत ओढून घेई, खिडकीतून ऊन येई आणि दोन्ही खाऊन शेवाळ फुगे. वर्गाची हवा ताजी राही. लगदा टाकीत कुजून त्याचा गॅस होई आणि मेसच्या निम्म्या शेगड्या त्यावर पेटत. बाहेरचा पाहुणा जेवायला आला, की पोरं मुद्दाम सांगत, हा रस्सा आमच्या श्वासावर शिजलाय. पाहुणा वाटीकडे बघत विचारात पडला, की सगळं टेबल हसत सुटे.

हे सगळं उभं केलं समृद्धी मगदूमनं आणि तिच्या पर्यावरण मंडळातल्या टोळीनं. विद्यापीठानं फक्त परवानगी दिली, तीही चार वेळा हेलपाटे घातल्यावर. समृद्धी इचलकरंजीची, शेवटच्या वर्षाला, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. पहिली भिंत तिनं वसतिगृहाच्या जिन्यात उभारली, तेव्हा नळीच्या वळणांत हवेचे बुडबुडे अडकून सगळं शेवाळ मेलं. दुसऱ्यांदा लावलं, तेही मेलं. तेव्हा मदतीला धावल्या गणिताच्या खोत मॅडम. त्यांचा विषय गाठींचं गणित. जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी सुतळीचं भेंडोळं उलगडलं आणि नळी कुठून वर, कुठून खाली नेली म्हणजे बुडबुडा कुठंच अडकणार नाही, ते मांडून दाखवलं. आता विद्यापीठातली प्रत्येक भिंत त्याच वळणाची होती.

इथवर सगळं झकास चाललं होतं. पण आपल्याकडे कुठलंही चांगलं काम स्पर्धा लावल्याशिवाय गोड लागत नाही. मंडळानंच ठरवलं, की ज्या वर्गाची भिंत सगळ्यांत हिरवी त्याला फिरती ढाल द्यायची. समृद्धीनं स्वतः प्रत्येक भिंतीला हिरवाईमापक बसवला आणि आकडे मुख्य इमारतीतल्या फलकावर दिसू लागले. येता-जाता पोरं पहिला कोण ते बघायची. कुलसचिव निंबाळकर सर मात्र शेवटचा कोण ते बघत होते.

जानेवारीत परिपत्रक निघालं. स्नेहसंमेलनाच्या दिवशी ज्या वर्गाची भिंत तळाला असेल, तिथला विषय विद्यार्थ्यांअभावी बंद करण्यात येईल आणि खोली दुसऱ्या विभागाला देण्यात येईल. तळाला होती तिसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली, म्हणजे खोत मॅडमची. गणित आता यंत्रंच करतात, मग शिकायचं कशाला, अशी हवा होती. गाठींच्या गणिताला उरले होते तीन विद्यार्थी.

परिपत्रक वाचून समृद्धीच्या पायाखालची जमीन सरकली. ती तशीच जिने चढून वर गेली. खोलीतली भिंत पिवळट पडली होती, नळीच्या तळाशी थोडासा हिरवा गाळ होता तेवढाच. मॅडम तिघांना सुतळी देऊन काहीतरी सोडवायला लावत होत्या. समृद्धी दारातच म्हणाली, “मॅडम, हे माझ्यामुळं झालं.”

“भिंत खोटं कशाला बोलेल? तिघांच्या श्वासावर ती किती फुगणार?” मॅडम हसून म्हणाल्या. पण हातातली सुतळी त्यांनी उगाचच बोटाला गुंडाळून घेतली. “मला खोलीचं काही नाही गं. पण हा विषय हातात धरून शिकवावा लागतो. माझ्यानंतर कुणी तो यंत्राला विचारणारसुद्धा नाही, कारण काय विचारायचं तेच कुणाला ठाऊक नसेल.”

समृद्धी तिथं थांबली नाही. ती थेट निंबाळकर सरांच्या केबिनमध्ये धडकली. सर काही दुष्ट माणूस नव्हते. नियमाला पक्के, वेळेला पक्के, आणि एवढं काम सांभाळून कायद्याचा एक तास रोज स्वतः घेणारे. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, की भिंत तुमची, मापक तुमचा, ढालही तुमचीच, मी तर फक्त आकडा वाचतोय. त्यांच्या स्वतःच्या वर्गात विद्यार्थ्यांच्या मनगटावरचे हजेरीपट्टे बाक आपोआप नोंदवून घेत आणि तिथं हजेरी कायम शंभर टक्के असे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. समृद्धीला कळून चुकलं, आपणच खणलेल्या खड्ड्यात दुसऱ्याच कुणाचा तरी पाय गेला होता.

मंडळाचा चिटणीस होता तौसिफ मुजावर, कायद्याचा विद्यार्थी आणि एक नंबरचा उचापत्या. त्यानं आधी सोड्याच्या गाडीवरून कर्बवायूची टाकी आणून मॅडमच्या पंख्याला जोडायची युक्ती काढली. समृद्धीनं त्याला असा काही झापला, की तो दोन मिनिटं खरोखर गप्प बसला. लबाडीच करायची होती तर भिंत कशाला उभारली, असं तिचं म्हणणं होतं.

“मग टाकीतला नको, माणसांचाच घेऊ,” तौसिफ म्हणाला. “रक्तदान करत्यात, तसं श्वासदान. रोज अकराच्या तासाला मॅडमच्या वर्गात यायचं, बसायचं, श्वास सोडायचा. आमची सगळी पोरं आणतो की मी. आमचा त्या वेळंला तास नसतोय.”

घाईत समृद्धीनं पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर कापडी फलक लागला, ‘श्वासदान, श्रेष्ठ दान’. दाराशी टेबल, टेबलावर चहाचा थर्मास आणि बिस्किटं, कारण दान म्हटलं की बिस्किट आलंच. पोरं आली, खोली भरली, आणि सगळी मान खाली घालून मोबाइल बघत बसली. काहींनी तर चक्क डुलक्या काढल्या. भिंत जराशी हिरवी झाली, पण तळाचा क्रमांक काही सुटला नाही. आठवडाभर हेच. दानशूर मंडळी बिस्किटं खायची आणि निघून जायची.

मग एके दिवशी खोत मॅडमच वैतागल्या. “फुकट बसलाच आहात तर हात पुढं करा,” म्हणाल्या. तौसिफच्याच वर्गातला, तालमीत जाणारा रणधीर नावाचा पैलवान गडी पुढंच बसला होता. त्याच्या दोन्ही मनगटांना त्यांनी एका सुतळीची दोन टोकं बांधली. तशीच दुसरी सुतळी काडीपैलवान तौसिफच्या मनगटांना बांधली, पण रणधीरच्या सुतळीत अडकवून. आता गाठ न सोडता, सुतळी न कापता एकमेकांपासून सुटायचं.

झालं. तौसिफ रणधीरच्या काखेतून गेला. रणधीरनं सुतळीवरून उडी मारली आणि तौसिफला घेऊन जमिनीवर आला. दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले, मग कसे कोण जाणे एकमेकांच्या पायांत बसले. बाकीच्यांचे मोबाइल कधीच खाली गेले होते. जो तो बाकावर चढून सूचना देत होता, डावीकडून घे, अरे उजवीकडून, तुला डावं-उजवं तरी कळतंय का. हसून हसून पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी तिघा जुन्या विद्यार्थ्यांपैकी एकीनं पुढं येऊन रणधीरच्या सुतळीचा मधला भाग तौसिफच्या मनगटावरच्या फासातून आत सरकवला, त्याच्या पंजावरून पलीकडे टाकला आणि दोघं अलगद वेगळे झाले.  मग रणधीर म्हणाला, “मॅडम, परत बांधा. हे असं कसं झालं?”

समृद्धी दारात उभी राहून मापकाकडे बघत होती. काटा चढत होता. हसणारा, भांडणारा माणूस गप्प बसलेल्यापेक्षा जास्त श्वास सोडतो, हे तिनं वाचलं होतं. पण ते डोळ्यांनी दिसेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला इतका आनंद झाला, की तिनं उरलेली सगळी बिस्किटं स्वतःच खाऊन टाकली.

त्यानंतर फलक काढून टाकला तरी पोरं येतच राहिली. बसायला जागा पुरेना, तेव्हा खिडक्यांत बसू लागली. मॅडमनी तीन पाकळ्यांची गाठ शिकवली, तिची टोकं जोडून टाकली आणि म्हणाल्या, आता हिची आरशातली जुळी बहीण करून दाखवा, न कापता. ते होत नाही आणि का होत नाही याचा पुरावा देता येतो, हे कळल्यावर मेसमध्ये जेवताना बुटाच्या नाड्यांवरून वाद झडू लागले. पुढच्या वर्षी हा विषय रीतसर घेता येईल का, असं रणधीरनं लाजत विचारलं. त्याच्यामागं आणखी बरेच जण अर्ज घेऊन उभे होते. भिंत तर अशी हिरवी झाली, की दुपारचं ऊन तिच्यातून आलं तर मॅडमची पांढरी साडीही हिरवी दिसे.

स्नेहसंमेलनाचा दिवस उजाडला. निकाल गुलदस्त्यात राहावा म्हणून मुख्य इमारतीतला फलक पंधरा दिवस झाकून ठेवला होता. खुल्या मंचावर ढाल ठेवलेली, समोर सगळं विद्यापीठ. निंबाळकर सरांनी निकाल वाचला. पहिला क्रमांक तिसऱ्या मजल्याचा, असं म्हणताच जो गलका उठला तो थांबता थांबेना. खोत मॅडम हातांत तोंड लपवून बसल्या होत्या. मग सरांची नजर कागदाच्या तळाशी गेली आणि ते अडखळले. शेवटचा क्रमांक होता कायद्याच्या मोठ्या सभागृहाचा, म्हणजे त्यांच्याच वर्गाचा.

मागून कुणीतरी फिसकन हसलं. सर आवाज न चढवता म्हणाले, “माझ्या वर्गात शंभर टक्के हजेरी असते. तिथली भिंत पिवळी पडणं शक्य नाही. अर्थात मापक बिघडलेत. शेवटचा आकडा चूक असेल, तर पहिला बरोबर कसा मानायचा? हा निकाल रद्द करावा लागेल. गणिताच्या खोलीचा जुना निर्णय कायम राहील.”

समृद्धी उठली आणि धावतच सभागृहात गेली. तिथली नळी स्वच्छ होती, पंखा फिरत होता, मापक चोख होता. भिंतीला श्वासच मिळाला नव्हता. सभागृहाच्या दारावरच्या वेळापत्रकावर तिची नजर गेली. कायदा, सकाळी अकरा, निंबाळकर सर. तौसिफनं सांगितलेला तो ‘नसलेला’ तास तिला आता कळला.

ती परत मंचाकडे निघाली. खरं सांगावं तर ज्यांनी मॅडमना वाचवलं, त्यांचीच परीक्षा हुकणार, कारण हजेरी कमी भरली की निंबाळकर सर सख्ख्या भावालाही बसू देत नसत. गप्प राहावं तर मॅडमचा विषय गेला. ती मंचाखाली उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, की मापक ठीक आहे. मग वर्ग भरलेला असताना भिंत पिवळी कशी, असं सरांनी विचारलं. 

“सर, पट्टे वर्गात होते,” मागून आवाज आला. तौसिफ उभा राहिला होता. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. “आम्ही तिसऱ्या मजल्यावर होतो.”

मग रणधीर उभा राहिला. मग त्याच्या शेजारचा, मग मुलींच्या रांगेतल्या दोघी. बघता बघता कायद्याचा अख्खा वर्ग उभा होता. सगळं तौसिफनंच सांगितलं. रोज दोघं जण पाळीपाळीनं सगळ्यांचे पट्टे बाकांवर मांडून ठेवत. सर पडद्यासाठी दिवे मालवून, पडद्याकडे तोंड करून शिकवत, त्यामुळं त्यांना काही दिसत नसे. चूक आमची आहे, मॅडमना आणि समृद्धीला यातलं काही माहीत नव्हतं, शिक्षा आम्हाला करा, असं तो म्हणाला.

आता वीज कोसळणार, अशा धास्तीनं सगळे बसले होते. निंबाळकर सर त्या उभ्या पोरांकडे बघत होते. एकेका चेहऱ्यावर थांबत होते, जणू पहिल्यांदाच बघत असावेत. मग त्यांनी ढाल उचलली, मंचावरून उतरले आणि खोत मॅडमच्या हातात दिली. विषय चालू राहील, खोलीही राहील, असं ते म्हणाले. नियमाप्रमाणे आता माझं सभागृह जायला हवं, असंही म्हणाले, आणि यावर कुणालाच हसू आलं नाही.

मग ते तौसिफसमोर येऊन उभे राहिले. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, पण राग नसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, “मग इतके दिवस मी शिकवत कुणाला होतो?”