चहानंतरचा अर्धा तास

"वाट म्हणे चल चल, उंबरा म्हणे थांब
माझ्या चिमणीच्या पायी, कुणी लिहिली वाट लांब…"

कस्तुराआत्याचा तो आवाज उत्कर्षाच्या कानात अजून तसाच होता. थोडा घोगरा, ओल्या मातीसारखा. उदगीरकडचं घर बंद करून, टेम्पोत कपाट, गाद्या आणि तुळशीची कुंडी चढवून आईबाबा कंपनीच्या नोकरीसाठी पिंपरीला निघाले, तेव्हा ती एवढीशी होती. टेम्पो हलला, आणि आत्या मागून चालता चालता गात राहिली. वळणावर आत्या दिसेनाशी झाली. आवाज तेवढा टेम्पोत बसून सोबत आला.

त्यानंतर उंबरे पुष्कळ झाले. पिंपरीजवळच्या पिंपळे गुरवमध्येच किती खोल्या बदलल्या! प्रत्येक घरमालकीण पहिल्या दिवशी विचारायची, "तुम्ही कुठल्या?" आणि उत्तर ऐकून म्हणायची, "म्हणजे बाहेरच्या." उत्कर्षाला तो प्रश्न मुळीच आवडायचा नाही. पण दैवाची गंमत बघा, शिकूनसवरून मोठी झाली, तर घरोघर जाऊन लोकांना हाच प्रश्न विचारणं हेच तिचं काम झालं.

हजारो वर्षांपूर्वी माणूस आफ्रिकेतून निघाला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत इथवर आला. त्या वाटेच्या खुणा आजही आपल्या अंगात आहेत, लाळेच्या एका थेंबातसुद्धा. आणि असा चालण्यासाठी घडलेला देह आता खुर्चीत बसला, म्हणून त्याला साखरेचा आजार जडतो का, हे शोधणारा एक अभ्यास चालू होता. त्यासाठी जुन्या गावठाणांतल्या आजोबा-नातवांची लाळ ती छोट्या नळ्यांत गोळा करायची.

माघातल्या एका गुरुवारी ती भोसरीच्या शेअर रिक्षात बसली. मांडीवर पांढरा थर्माकोलचा डबा. शेजारी एक तरुण सरकून बसला. निळा शर्ट, आणि नखांच्या कडांना कितीही धुतली तरी न निघणारी ग्रीसची काळी रेघ. खड्डा आला, डबा उडाला, आणि त्याने तो वरच्या वर झेलला.

"जपून हो! आइस्क्रीम वितळेल."

"आइस्क्रीम नाहीये."

"मग? मासे?"

"थुंकी," उत्कर्षा शांतपणे म्हणाली.

त्याचे हात डब्यावर थिजले. "…कुणाची?"

"बऱ्याच जणांची. आज अजून दोघांची मिळेल."

पलीकडच्या मावशींनी पदर नाकाला लावला. तो मात्र हसत सुटला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "इथे थुंकू नका, थुंकू नका म्हणून पाट्या लावून महापालिका दमली, आणि तुम्ही दारोदार मागत फिरता?"

तिलाही हसू आलं. तिने ते रस्त्याकडे बघून लपवलं, पण रिक्षाच्या आरशात ते त्याला दिसलंच.

गावठाणाशी ती उतरली. तोही उतरला. ती वळली, तोही वळला. शेवटी ती थांबली.

"तुम्ही माझ्या मागे येताय?"

"नाही. तुम्ही माझ्या पुढे चाललाय," तो म्हणाला. "कोंडाजी पाटलांकडे ना? मी त्यांचा नातू. रणजीत. तुमच्या दोन थुंक्यांतली दुसरी माझी."

*

जुन्या गोठ्याच्या जागी आता तीन मजले उभे होते, जिन्याखाली भाडेकरूंच्या चपला. दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर कोंडाजी बसले होते.

"कुटनं आलो त्ये बघनार व्हय? मंग लिवा. आमी कुटनंबी न्हाई आलो. आमी हितलंच."

"आजोबा, इथले पण कधीतरी चालतच आले असतील ना?"

म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. "आसंल. पन हितं पयला च्या आमीच ठिवला!"

आणि त्या वाक्याची वाटच बघत असल्यासारखी कौशल्याबाई, म्हणजे रणजीतची आई, चहाचा ट्रे घेऊन आली.

उत्कर्षा घाईने म्हणाली, "काकू, आधी नमुना घेऊ या ना… चहा झाला की अर्धा तास थांबावं लागतं."

"मंग थांबा की! आलेल्या मानसाला कोरडं बसवत न्हाई आमच्यात. आन् पावन्याला एकट्यालाबी पिऊ देत न्हाई." तिने सगळ्यांच्या हातात कप दिले. आल्याचा, गवती चहाचा वास दरवळला.

मग काय, अर्धा तास. कोंडाजींनी गप्पांत तो सहज घालवला आणि नळी भरून दिली. रणजीतची पाळी आली आणि बघते तर काय, तो दाराशी टेकून दुसरा कप पीत उभा!

"अरेच्चा," तो म्हणाला. "विसरलोच की."

उत्कर्षाचा हात पिशवीच्या बाजूच्या कप्प्याकडे गेला. चेनपाशी क्षणभर थांबला… आणि परत आला.

"मग आता?"

"उद्यापासून वर्कशॉप. एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. पुढच्या गुरुवारी या ना."

"बरं. जाते मी," ती म्हणाली.

"जाते न्हाई म्हनू, बाई," कौशल्याबाईने लगेच टोकलं. "येते म्हनावं."

उत्कर्षा नुसतीच हसली. भाड्याच्या खोल्या सोडताना तो शब्द कधी लागलाच नव्हता तिला. जिथे परत यायचं नसतं, तिथे 'येते' कुणाला म्हणायचं?

*

पुढच्या गुरुवारी चहा तिच्या आधीच तयार होता. आणि रणजीतचा कप तोपर्यंत रिकामा झाला होता.

"आता अर्धा तास," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"बसून काय राहताय? चला. देह बसण्यासाठी केलेला नाही."

"कुणी सांगितलं?"

"आपल्या सगळ्यांच्या खापरपणजोबांनी. चालत आले ते."

मग दोघं चालायला निघाली. इतर दिवशी एमआयडीसीचे ते रस्ते कसे दणाणत असतात, ते भोसरीत राहणाऱ्यालाच ठाऊक. पण गुरुवारी शटरं खाली, लेथ यंत्रं गप्प, पत्र्यावर ऊन पहुडलेलं. रस्त्याच्या दुतर्फा शिरीषाची झाडं. वाऱ्याची झुळूक आली की त्यांच्या वाळक्या शेंगा खुळखुळत, जणू वरून कुणी पैंजण घालून चाललंय. कुठल्याशा बंद दाराआडून लोखंडाचा आणि तेलाचा थंड वास यायचा. उत्कर्षाला वाटे, हे सगळं गाव झोपलंय आणि आपण त्याच्या स्वप्नातून चाललोय.

"तुमची मजा आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कुणी विचारत नाही, कुठले म्हणून."

"कुठे चाललात, असंही मला कुणी विचारत नाही." तो हसला, पण हसणं ओठांच्या एका कडेलाच राहिलं. "घर ते वर्कशॉप. जास्तीत जास्त चाकणला माल पोचवायला. तुमचे ते खापरपणजोबा इथे येऊन जे बसले, ते आमच्या घरात उठलेच नाहीत."

"का बसले असतील पण?"

"पाणी चांगलं लागलं असेल." तो थांबला. "किंवा मग… कुणीतरी भेटलं असेल."

वरून एक शेंग पडली. दोघंही एकदम तिच्याकडे बघायला लागली, जशी काही ती फार महत्त्वाची होती.

परत आली तेव्हा अर्धा तास केव्हाच होऊन गेला होता. पण वाटेत तळ्याकाठी रसवंती होती, आणि रणजीतने रस पिऊन टाकला होता.

"हे बरोबर नाही हं," उत्कर्षा कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"हो ना," तो म्हणाला. "फारच वाईट सवय आहे मला."

असे गुरुवार येत गेले. कधी चहा, कधी रस, कधी कौशल्याबाईच्या हातची शेंगदाण्याची चिक्की. एकदा चपात्या लाटता लाटता कौशल्याबाई स्वतःशीच गुणगुणत होती, आणि उत्कर्षा दारातच थबकली.

"चालत आला जीव, सावलीला बसला
जिथं पाणी ग्वाड लागलं, तिथं गाव वसला…"

"कुणाची ओवी, काकू?"

"कुनाची म्हंजे? जिला सुचंल तिची." आणि लाटणं न थांबवता तिने उत्कर्षाकडे असं काही पाहिलं, की तिला उगीचच ओढणी सारखी करावी लागली.

*

फाल्गुन लागला आणि निरोप आला. नमुने गोळा करायचं काम संपवा. उत्कर्षाने रविवारी नमुने घेऊन हैदराबादच्या प्रयोगशाळेत हजर व्हावं. पुढचं सगळं काम तिथेच. हीच संधी तिला हवी होती, कधीपासून. मग फोन ठेवताच तिने आधी कॅलेंडरात गुरुवार का शोधला?

तिने रणजीतला फोनवर एवढंच सांगितलं, "हा शेवटचा गुरुवार. नातवाचा नमुना नसेल तर आजोबांचाही वाया जाईल."

"बरं," तो म्हणाला.

गुरुवारी कौशल्याबाईने ट्रे आणला, तर रणजीतने कप बाजूला सारला. "मला नको, आई."

कोंडाजींची खुर्ची करकरली. "च्या नको? आरं, बरं हाय ना तुला?"

उत्कर्षाने त्या बाजूला सारलेल्या कपाकडे पाहिलं. चहा नाही, म्हणजे अर्धा तासही नाही. तिने निमूट नळी पुढे केली. रणजीत अंगणाच्या कोपऱ्यात गेला, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला… आणि परत आला. नळी कोरडी.

"होत नाहीये," तो म्हणाला. "तोंडाला कोरड पडलीय."

"कैरी आठवा. मीठ लावलेली."

त्याने डोळे मिटले, उघडले, तिच्याकडे पाहिलं. "कैरीच्या जागी भलतंच आठवतंय."

तिचा हात पुन्हा पिशवीच्या त्या कप्प्याकडे गेला. पुन्हा रिकामाच बाहेर आला. "चला," ती म्हणाली, "चालू या थोडं. चालल्यावर होईल."

शिरीषांना आता कोवळी पालवी फुटली होती. शेंगांचा खुळखुळाट विरळ झाला होता.

"एक सांगू?" रणजीत म्हणाला. "हसू नका. पहिल्या गुरुवारी दुसरा चहा घेतला ना, तो विसरून नव्हता. भीतीने घेतला होता."

"कसली भीती?"

"बाबा साखरेने गेले. ऐन उमेदीत. पाय काळा पडत गेला त्यांचा, आणि मी रोज बघत होतो. वाटलं, तुमच्या त्या नळीत माझंही तेच निघालं तर? न बघितलेलं बरं." त्याने रस्त्यावरचा खडा पायाने ढकलला. "आईला नाही सांगितलंय हे."

उत्कर्षा थांबली. या माणसाच्या प्रत्येक थट्टेखाली हे एवढं ओझं होतं तर! तिला वाटलं, त्याची ग्रीसच्या रेघांची बोटं हातात घ्यावीत. तिने घेतली.

"ऐका. त्या नळीत तुमचं भविष्य नाही लिहिलेलं. हजारो माणसांच्या नमुन्यांतून वाट शोधतो आम्ही, कुणा एकाची पत्रिका मांडत नाही. आणि साखर तपासायची असेल तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बोटाला टोचून कळतं. उद्या सकाळी जायचं, उपाशीपोटी. मी येते सोबत. आणि काही निघालंच, तर चालायचं. रोज. अर्धा तास."

"एकट्याने?"

तिने हात सोडवून घेतला नाही.

"दुसऱ्या गुरुवारचं विचारलं नाहीत," तो हळूच म्हणाला.

"काय होतं दुसऱ्या गुरुवारी?"

"भीती नव्हती. नुसता चहा होता… आणि तू होतीस."

'तू' असं त्याच्या तोंडून पहिल्यांदाच आलं. त्याचं त्यालाच ऐकू आलं बहुतेक, कारण कान लाल झाले होते. मग त्याने खिशातली नळी काढली, पाठ फिरवली, आणि थोड्या वेळाने भरलेली नळी तिच्या हातात ठेवली. तिने झाकण फिरवलं. टक्, असा इवलासा आवाज झाला. येण्याचं कारण संपल्याचा आवाज.

"जा तू," रणजीत म्हणाला. "चालणाऱ्याला मी अडवणार नाही. आमच्या घरात कुणीतरी चालायला हवंच."

*

घरी परतल्यावर तिने डबा बंद केला. कोंडाजींच्या पाया पडली, कौशल्याबाईने ओंजळीत चिक्की दिली. रणजीत बाहेर चपलांपाशी उभा होता, कुठेच न बघता.

उत्कर्षा उंबऱ्यावर आली. इथवर किती उंबरे ओलांडले होते, आणि एकही कधी काही म्हणाला नव्हता. आज मात्र कानात घोगरा, ओल्या मातीचा आवाज उठला… वाट म्हणे चल चल…

तिने पिशवी खाली ठेवली. बाजूच्या कप्प्याची चेन उघडली आणि कागदी वेष्टनातली एक बारीक काडी काढून रणजीतच्या तळहातावर ठेवली. टोकाला कापूस होता.

"हे काय?"

"ज्यांना नळी भरणं जमत नाही, त्यांच्यासाठी असते. चूळ भरायची, गालाच्या आतून फिरवायची, झालं. चहा प्यायलेला असला तरी चालतं." तिचे डोळे हसत होते. "थांबावं लागत नाही, रणजीत."

तो काडीकडे बघतच राहिला. "ही… कधी आली?"

"पहिल्या दिवसापासून पिशवीत आहे."

आत खुर्ची करकरली. कोंडाजी खाकरले, "कौशल्या, च्या ठिव गं!"

"एवढे गुरुवार?" रणजीत म्हणाला. "मग काढली का नाहीस?"

"मला थांबायचं होतं," उत्कर्षा म्हणाली. "तुझ्यापाशी. इथेच." तिने उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं, मागे वळली, आणि जन्मात कुठल्याच दाराला न म्हटलेला शब्द पहिल्यांदा म्हणाली.

"येते."