विरीत बांधलेलं पुस्तक

मुंबईला प्रकाशकाने पुडकं फोडलं, आणि आतून कादंबरीऐवजी जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी निघाली.

ही बातमी चौलात पोचली तेव्हा दत्तात्रेय जेवायला बसले होते. हातातला घास ताटात पडला. उजव्या अंगावरून वारं गेलं ते गेलंच.

प्रकरण रेवदंड्याच्या चौकीत जमादार शिवदासकडे आलं. कागद चोरीला गेले म्हणून एरवी पोलीस कशाला जागचे हलतील? पण शिवदासला रहस्यकथांचं भारी वेड. ड्युटीवर टेबलाखाली पुस्तक धरून वाचायचा. बायको म्हणायची, "चोर दारावरून जाईल, आणि तुम्ही पानातला शोधत बसाल." त्याचे आवडते लेखक चार. ते चौघे मिळून एकच माणूस आहेत आणि तो माणूस शेजारच्या गावात सुपारीच्या वाडीत राहतो, हे त्याला या तक्रारीतून कळलं.

दत्तात्रेय वर्षानुवर्षं महिन्याला दोन-दोन पुस्तकं पाडत आले होते. सगळी प्रकाशकाने ठरवलेल्या खोट्या नावांनी. प्रकाशक कबूल झाला होता तो या एकाच पुस्तकावर त्यांचं खरं नाव छापायला. त्याची दुसरी प्रत नव्हती. आणि आता लिहिता हातही उरला नव्हता.

फौजदाराने धर्मा तांडेलाला धरलं होतं. पुडकं त्याच्याच मचव्यातून मुंबईला गेलं होतं. शिवदास कोठडीपाशी गेला तेव्हा धर्माचा एक डोळा सुजून मिटला होता.

"पुडकं सोडलंस?"

"न्हाय, साहेब."

"वाटेत कोणाच्या हाती दिलंस?"

"न्हाय. साहेब, मना वाचता येत न्हाय. त्या कागदांचा मी काय करू? बोंबील बांधू?"

शिवदासला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली.

प्रकाशकाने रद्दी आणि वेष्टण परत पाठवलं होतं. वेष्टण म्हणजे पोफळीची विरी. झावळीच्या बुडाची ही जाड साल पाण्यात भिजवली की चामड्यासारखी वळते, आणि वाळली की लाकडासारखी कडक होते. मचव्यात पाणी उडतं, म्हणून दत्तात्रेयांची पुस्तकं नेहमी विरीतूनच जायची. प्रकाशकाने सुरीने मधोमध चिरली होती. काथ्याची गाठ तशीच होती. काथ्याखाली विरीवर एकच खोल वळ होता. सगळ्यात वरच्या वर्तमानपत्रावर तपकिरी डाग पसरला होता.

शिवदासने ते दोनदा पाहिलं आणि चौल गाठलं.

वर्तमानपत्र घेणारा गावात एकच, दत्तात्रेयांचे थोरले भाऊ बापू मास्तर. पुडकं बंदरावर नेऊन दिलं तेही त्यांनीच.

"हे पुस्तक छापलं जाऊ नये असं तुम्हाला वाटत होतं?"

"वाटत होतं. लपवू कशाला?" मास्तर फणकारले. "घराण्याचं नाव असल्या पुस्तकावर! आणि त्यात गोष्ट कुणाची? अंबीची! ह्याचीच पोर, सासरहून परत पाठवलेली, विहिरीत गेली. आम्ही पाय घसरला म्हणून सांगितलं. हा निघाला खरं छापायला."

"रद्दी तुमच्या घरची आहे."

"माझी रद्दी ह्याची बायको दुर्गा नेते, डबे झाकायला. पुडकं बांधलेलं माझ्या हातात आलं, तसंच मी दिलं."

दत्तात्रेयांच्या वाडीत पोफळी सुकत चालल्या होत्या. विहीर अंगणातच होती, पण तिचा रहाट कोणी फिरवत नव्हतं. दुर्गाबाई शेजारहून घागर भरून आल्या.

"वहिनी, पुडकं कोणी बांधलं?"

"मीच. नेहमी मीच बांधते."

"तेव्हा दत्तात्रेयभाऊ जवळ होते?"

"झोपले होते. लिहून दमले होते."

दत्तात्रेय खाटेवर पडून ऐकत होते. तोंड एका बाजूला ओढलं होतं. शब्द जड येत, पण समजत.

"जमादार," ते म्हणाले, "धर्माने ते कुठे टाकलं, विचारा. पाण्यात टाकलं असेल तरी सांगा."

शिवदास खाली बसला. हजार वेळा वाचलेला प्रसंग आता त्याच्या वाट्याला आला होता, आणि त्याला तो मुळीच नको होता. पण कोठडीत धर्मा होता.

"भाऊ, धर्माने पुडकं सोडलंच नाही. बापू मास्तरांनीही नाही. काथ्या ओल्या विरीवर आवळला की वाळताना वळ उठतो. पुन्हा भिजवून बांधली असती तर दुसरा वळ, दुसरी घडी दिसली असती. इथे एकच आहे. आणि रद्दीच्या वरच्या कागदाने विरीचं पाणी प्यायलंय. म्हणजे विरी ओली असताना आत रद्दीच होती. या घरातून रद्दीच बाहेर पडली."



"बांधलं तुम्ही, वहिनी. पुस्तक कुठे आहे?"

"चुलीत घातलं," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांनी घागर अजून खाली ठेवली नव्हती.

"अंबीची अब्रू झाकायला?"

"अब्रू कसली? सगळ्या चौलाला माहीत आहे."

दत्तात्रेयांचे ओठ हलले. "वाचलंस?"

"सगळं वाचलं." आता त्या नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही एवढ्या खोट्या गोष्टी लिहिल्यात, मी कधी हूं की चूं केलं नाही. घर त्यावरच चाललं. ही खरी म्हणालात, म्हणून वाचायला घेतली. त्यात अंबी विहिरीकडे जाते, तेव्हा बाप लेखणी टाकून उठतो. हाका मारत धावतो. काठाशी पोचेपर्यंत उशीर होतो."

दत्तात्रेयांनी डोळे मिटले.

"ती तुमच्या समोरून गेली. 'बाबा, येते हं,' म्हणाली. मी स्वयंपाकघरातून ऐकलं, मला वाटलं शेजारी चालली. तुम्ही मान वर केली नाहीत. तुम्हाला पान पुरं करायचं होतं."

शिवदासला उठून जावंसं वाटलं. त्याच्या लाडक्या पुस्तकांतलं एखादं पान तेव्हाच लिहिलं गेलं असेल, आणि त्याने ते टेबलाखाली धरून चवीने वाचलं असेल, हा विचार त्याला सोसवेना.

दत्तात्रेय म्हणाले, "तक्रार मागे घेतो. धर्माला सोडा."

शिवदासने कागद लिहून पुढे धरला. उजवा हात उचलेना. डाव्याने त्यांनी लेखणी धरून पाहिली, ती अंथरुणावर पडली. मग शिवदासने त्यांच्या अंगठ्याला शाई लावून तो कागदावर टेकवला. शेजारी रीतीप्रमाणे त्यालाच लिहावं लागलं: दत्तात्रेय, राहणार चौल, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.