डावीकडे तीन बोटं

“बाबा, आपल्या गाडीत पुढच्या सीटवर कोण बसतं?”

प्रश्न माझा नव्हता, माझ्या वर्गातल्या वल्लरी आणि दीपमालाचा होता. शाळेच्या फाटकाशी त्या रोज बघायच्या: बाबा गाडी चालवतायत, त्यांच्या शेजारची सीट रिकामी, आणि मी मागे डावीकडे मालकिणीसारखी बसलेली. आई बरोबर असली तरी तीही मागेच. ड्रायव्हर ठेवलायत का, असं वल्लरीनं एकदा विचारलं आणि मग पैजच लावली, की बाबांना विचारून दाखव. वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी पैजेला नाही म्हणत नव्हते.

रविवारची सकाळ होती. हडपसरच्या आमच्या घरापुढच्या फरशीवर बाबा गाडीखाली झोपले होते. फक्त पाय दिसत होते.

“सतराचा पाना दे,” बाबा म्हणाले.

पुढचं सस्पेन्शन बदलायचं काम चाललं होतं. बाबा बावीस वर्षं फिटर होते. कंपनीनं त्यांचं खातं बंद केलं आणि सगळ्यांना घरी बसवलं, त्याच सुमारास पलीकडच्या उसाच्या शेतात काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. आता आमच्या कोपऱ्यावरून आयटीवाल्यांच्या बस जातात. गळ्यात पट्टे अडकवलेली मुलं त्यात झोपलेली असतात. बस आली की आई खिडकीतून आत जाते.

माझा मोठा भाऊ, योगेशदादा, त्यातल्याच एका बसमध्ये असता. सहा वर्षांपूर्वी, नव्व्याण्णव साली, बाबा त्याला इंटरव्ह्यूला सोडायला निघाले. तो पुढे डावीकडे बसला होता. औंधच्या रस्त्यावर पुढचं डावं चाक आडवं झालं. आदल्या दिवशीच बाबांनी त्या चाकामागचे भाग घरी बदलले होते. बाबांना खरचटलं. दादा गेला. तेव्हापासून आई बाबांशी कामापुरतं बोलते, आणि कुणी विषय काढलाच तर तिचं एकच वाक्य ठरलेलं: “एक नट आवळायचं भान नव्हतं या माणसाला.” बाबांनी त्यावर कधी उत्तर दिलं नाही. गाडी दुरुस्त केली, विकली मात्र नाही.

हे सगळं मला माहीत होतं. ती सीट दुःखामुळे रिकामी राहते, असंच मी धरून चालले होते.

पण दुःखानं स्प्रिंग दबत नाही.

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोटं घालून गाडीची उंची बघायला बाबांनीच मला शिकवलं होतं. त्या सकाळी रिकाम्या गाडीत उजवीकडे चार बोटं बसली, डावीकडे तीन. आम्ही मागच्या चाकांना दगड लावले, जॅक चढवला, खाली टेकूच्या लोखंडी घोड्या सरकवल्या. निघालेले भाग मी वर्तमानपत्रावर मांडले. उजवीकडचे बरे होते. डावीकडचा शॉकॲब्सॉर्बर तेलानं ओला झाला होता, रबरी बुशाचा चुरा पडला होता.

हे आधी कधी बदललेले, मी विचारलं. गेल्या दिवाळीत, बाबा म्हणाले. आणि त्याआधी? त्याच्या आदल्या दिवाळीत. उजवीकडचे? बाबांनी फडक्याला हात पुसले.

“ते कधीच नाही.”

नवे भाग बसले. एकेक नट आवळून झाला की बाबा त्याच्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढत, नटावरून थेट बोल्टवर. ही कंपनीतली पद्धत. नट सैल झाला तर रेघ तुटते. आणि रेघ दिसली की पुढचा माणूस त्या नटाला पाना लावत नाही, तो आवळलेला आहे असंच समजतो. लहानपणी या रेघा मी ओढायचे. शेवटी नटावर एक टिंब द्यायचे, सही म्हणून. मी आपसूक ब्रश उचलला. बाबांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

गाडी जॅकवरून खाली उतरली. मी दोन्हीकडे बोटं घातली. चार आणि चार. माझ्या चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्यासारखं हसू असणार.

नळावर हात धुताना मागून स्प्रिंग दबल्यासारखा आवाज आला. चुंई. मग अजून एकदा, बारीक.

दादा सीटवर असाच बसायचा, सगळं अंग एकदम टाकून. गाडी दोनदा हलायची.

मी वळले. दारं बंद होती. बाबा मागे जॅक पुसत होते. डावीकडे तीन बोटं.

मी हवा मोजली, दोन्ही टायरांत सारखी होती. फरशीला उतार असेल म्हणून बाबांना गाडी उलट्या तोंडानं लावायला लावली. तरी डावीकडे तीनच.

“स्प्रिंग खराब आलीय, बाबा.”

“स्प्रिंग चांगली आहे,” ते म्हणाले आणि चहा आणायला आत गेले.

पाने परत ठेवायला मी हत्यारांची पेटी उघडली. तळाशी चिंधीत काहीतरी गुंडाळलं होतं. नट होता तो, जुना. त्याच्यावर पिवळी रेघ. रेघेच्या टोकाला टिंब.

कडांवर पान्याचा एकही ओरखडा नव्हता, आतले आटे कोरे होते. त्या नटाला पाना कधी लागलाच नव्हता; अपघातानंतर बाबांनी तो रस्त्यावरून उचलून ठेवला असणार.

मग सगळं आठवलं. दादाच्या इंटरव्ह्यूचा आदला दिवस होता. नट नुसता बोटांनी फिरवून ठेवलेला. आईनं जेवायला हाक मारली म्हणून बाबा उठले. मला खेळायला जायची घाई होती. मी रेघ ओढून टाकली. बाबा जेवून आले, त्यांनी रेघ बघितली आणि चाक चढवलं.

बाबा दोन कप घेऊन दारात उभे होते. माझ्या तळहाताकडे बघत.

“नऊ वर्षांची होतीस तू,” ते म्हणाले. “बघून घेणं माझं काम होतं. आईला हे सांगायचं नाही.”

सहा वर्षं आईचं ते वाक्य त्यांनी माझ्या जागी ऐकलं होतं. दादालाही ठाऊक होतं का, कोण जाणे.

मी पुढचं डावं दार उघडलं. सीट साधी होती, उन्हानं तापलेली. लहानपणी या सीटसाठी आमची भांडणं व्हायची, तेच तोंडात आलं.

“दादा, सरक ना.”

चुंई.

मी खाली बसून पुढच्या चाकाशी बोटं घातली. चार.

मागच्या चाकाशी गेले. तिथं बोटंच जाईनात. डावीकडे, माझ्या जागेखाली.

बाबांनी कप फरशीवर ठेवले. एक कलंडला.

आई पदराला हात पुसत बाहेर आली. “काय गं, झालं का तुमचं?”

“आई, दादाच्या नटावरची रेघ मी ओढली होती. आवळायच्या आधीच. बाबांना ती बघून वाटलं, झालाय आवळून.”

आईनं नटाकडे बघितलं. मग बाबांकडे बघितलं, बराच वेळ. बाबांनी मान खाली घातली.



“उद्यापासून मी पुढे बसणार आहे,” मी दोघांना सांगितलं. “आई, तू मागे उजवीकडेच बस. आणि मागच्या डाव्या सीटवर भाजीची पिशवी ठेवत जाऊ नकोस.”