पद्मावहिनींचं प्रस्थान

आपल्या लखनौच्या हजरतगंजातून फोटो आणायचे, एवढंच काम होतं. सोमवार, वीस ऑक्टोबर सत्त्याण्णव. लाईट अशीच गेलेली. शर्वरी, मेणबत्ती जरा इकडे सरकव.

सदाशिव आमचा शेजारी, इथेच इंदिरानगरात. मोठा सायंटिस्ट. इटलीच्या टाचेला पुलिया नावाचा मुलूख आहे. तिथे परिषद आणि पुढे आठवडाभर सुट्टी, जोडीने. पद्मावहिनींनी सगळं पाठ केलं होतं. पांढरी गावं, टोपीसारख्या छपरांची घरं, कानाच्या आकाराचा पास्ता, समुद्र. मुहूर्त दोन दिवस आधीचा निघाला, म्हणून त्यांनी आमच्याकडे प्रस्थान ठेवलं.

"वो क्या होता है, काका?"

वेदांत, तुम्हाला घरात काही सांगतच नाहीत. पिशवीत तांदूळ, सुपारी, एक साडी घालून मुहूर्तावर शेजारी ठेवायची. झालं, माणूस निघालं.

आदल्या रात्री हा शहाणा म्हणाला, तुला दमा, तिथे कोण सांभाळत बसणार? वहिनींचं तिकीट रद्द, हा एकटाच गेला. मी पिशवी परत द्यायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. निघालेल्याचं सामान परत घरात आणत नाहीत."

नऊ तारखेच्या रात्री दमा उसळला. घरात एकट्याच. हा गावोगाव भटकत होता, फोन लागेना. अग्नी त्यांच्या भावाने दिला. हा अठराला आला, उन्हाने रापून. आणि मला म्हणतो, तेराव्यापर्यंत बाहेर पडता येत नाही, तेवढे फोटो आणून दे. असा संताप आला... तरी आणले.

रात्री साडेनऊला त्याच्या खोलीत पाकीट उघडलं. फोटोंवर तारखा छापलेल्या. नऊ तारखेपर्यंत नुसत्या भिंती, चर्च, समुद्र.

दहापासून प्रत्येकात सदाशिव.

गल्लीत. ताटावर. वाळूत झोपलेला.

"कोणी काढले?"

तो फोटो उलटून पाठ बघू लागला.

"सदाशिव, कोणी काढले?"

"मी कॅमेरा कोणाच्या हातात दिला नाही."

पुढचा फोटो. हॉटेलची खोली. पलंगावर हा, गाढ झोपेत. मागे दार. आतून कडी.

मेणबत्ती वितळत होती.

मग त्याने सगळे फोटो जमिनीवर पसरले. एकेक उचलून उजेडाशी धरू लागला. आरशात, काचेत, पाण्यात, कुठेतरी तिचा चेहरा सापडेल म्हणून. पहाटेपर्यंत शोधत होता.

छत्तीस फोटो. तिचा एकही नव्हता. तिचा फोटो काढायला तिथेही कोणाला सुचलं नाही.